प्रांजलचा डबा

त्या शनिवारी सुवार्ताला झोप लागली नाही. तशी तिला झोप न लागणं ही काही बातमी नव्हती. थोरल्याला दात उशिरा आले तेव्हा ती जागी होती आणि मधल्याला लवकर आले तेव्हाही जागीच होती. (डी.एड.ला बालमानसशास्त्रात ती वर्गात पहिली आली होती. त्याचा उपयोग एवढाच झाला, की काळजी करायला विषय कधी कमी पडले नाहीत.) पण या वेळची काळजी कुणाला सांगायची सोय नव्हती. उद्या चर्चला केक कशात न्यायचा, ही ती काळजी.

केक प्रांजलच्या पास होण्याचा होता. प्रांजल म्हणजे शेंडेफळ. बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आता पंधरवड्यात मिरजेला नर्सिंगला निघणार होती. थोरले दोघे आधीच उडाले होते. एक सणसवाडीला कंपनीत, खोली करून राहायचा, दुसरा पुण्यात. ते गेले तेव्हा सुवार्ता रडली नाही, कारण सकाळी उठून भरायला अजून एक डबा घरात होता. आता तोही राहणार नव्हता.

शेवटी तिनं मांडणीवरून प्रांजलचा शाळेचा डबाच काढला. स्टीलचा, गोल, झाकणाच्या कडेला पोचा पडलेला. पहिलीच्या पहिल्या दिवशी तो पोरीच्या हातून शाळेच्या पायऱ्यांवर सुटला होता. पुढं डबा गडगडत, मागं प्रांजल रडत, आणि तिच्या मागं सुवार्ता, तिच्याहून मोठ्यानं रडत. बाईंनी प्रांजलला वर्गात नेलं आणि सुवार्ताला पाणी दिलं. तेव्हापासून त्या पोच्यावर अंगठा दाबल्याशिवाय झाकण बसायचं नाही. शेपूची भाजी असो, गवार असो, परीक्षेच्या दिवशीची साखर-चपाती असो, रोज सकाळी अंगठा आपोआप तिथं जायचा. कधीकधी डबा हातात नसतानाही जायचा.

केक डब्यात गेला, अंगठा दाबला गेला. संडे स्कूलच्या पोरांना वाटायचा आणि डबा घरी आणायचा, एवढाच बेत होता.

दौंडच्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्याला जे जमेल ते आणून तो वेदीपुढच्या टेबलावर ठेवतो. भोपळा, अंडी, लोणच्याची बरणी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि उपासना संपली की अंगणात सगळ्याचा लिलाव होतो. नियम एकच. टेबलावर गेलं ते देवाचं, ते परत मागायचं नाही. हवंच असेल तर चारचौघांसारखी बोली लावायची. शिरूरला, सुवार्ताच्या माहेरी, तिच्या वडिलांनी चुकून टेबलावर राहिलेला स्वतःचा चष्मा बोली लावून सोडवला होता. ही गोष्ट दर नाताळात निघायची आणि दर नाताळात सुवार्ता वडिलांना हसायची.

तर पाळकसाहेबांनी पास झालेल्या मुलांना पुढं बोलावलं आणि आईवडिलांनाही. सुवार्ताचा नवरा शमुवेल ढोलकीवर बसलेला, म्हणून ती एकटीच गेली, हातात डबा तसाच घेऊन. पाळकसाहेबांनी प्रांजलच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, या लेकरानं आईबापाचं नाव राखलं. सुवार्ताच्या डोळ्यांना धार लागली. पदर धरायला दोन हात हवे होते. समोर भोपळा आणि अंड्यांच्या मधे नेमकी डब्याएवढी जागा होती.

प्रार्थना झाली. सगळ्यांत मोठा आमेन सुवार्ताचा होता. डोळे उघडल्यावर तिला आपण काय केलं ते दिसलं.

"गेला तर गेला," शेजारच्या सखूबाई अंगणात तिची समजूत काढत म्हणाल्या. "देवाला काय पोच्याचा डबा चालत न्हाई व्हय?"

"मावशी, मला तो परत पाहिजे."

"मग बोल की तोंडानं."

पण रडून रडून सुवार्ताचा आवाज बसला होता. तेव्हा असं ठरलं, की तिनं मान हलवायची आणि सखूबाईंनी ओरडायचं.

बायका चर्चच्या दारापाशी होत्या, पुरुष गेटाकडं, आणि मधे जेवणासाठी बांधलेल्या मांडवाचा पडदा. बाकावर उभे राहून लिलाव करायला तात्याबा. त्यांनी उभी हयात भाजी बाजारात पुकारा करण्यात घालवलेली. डबा केकसकट वर धरून त्यांनी बोली सुरू केली. सखूबाईंनी पन्नास म्हटलं. गेटाकडून कुणीतरी मुकाट्यानं हात वर केला.

"गेटाकडून शंभर," तात्याबा म्हणाले.

सुवार्तानं मान हलवली. गेटाकडचा हात पुन्हा वर गेला. कोण असेल हा पैशाचा माज आलेला माणूस, असं सुवार्ताच्या मनात आलं. तिनं त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, मग आजचा वार आठवून क्षमा मागितली, आणि बोली वाढल्यावर तिसरी हासडली. सखूबाईंना तर इतका रंग चढला, की त्या सुवार्ताच्या मानेकडं बघेनाशाच झाल्या. बोली एवढी चढली, की त्या पैशात बरा मिक्सर आला असता. मांडवाच्या खांबाला टेकून प्रांजल आणि तिची लहानपणापासूनची मैत्रीण वैष्णवी आधी खुसुखुसू हसत होत्या. बोली चढत गेली तसा दोघींचा रंग उतरत गेला.

"कोण मेलं हाय तिकडं, बघू तरी," म्हणत सखूबाईंनी मांडवाचा पडदा बाजूला केला.

गळ्यात ढोलकी, एक हात वर, असा शमुवेल उभा होता.

"अगं, ह्यो तर तुझाच मालक."

शमुवेल ओशाळून म्हणाला, मला वाटलं सखूमावशीच हट्टाला पेटल्यात. मग त्यानं तात्याबांना विचारलं, तुम्हाला दोन्हीकडचं दिसत होतं, मग बोलला का नाहीत?

"दिसत हुतं की," तात्याबा म्हणाले. "पण देवाच्या कामात म्या कशाला आडवा पडू?"

सगळं अंगण हसलं. पैसे मोजून झाले आणि डबा सुवार्ताच्या हातात आला. रिकामाच, कारण या गोंधळात संडे स्कूलच्या पोरांनी केकचा निकाल लावला होता.

"तुम्ही कशाला बोली लावायची?" सुवार्तानं नवऱ्याला विचारलं.

शमुवेल ढोलकीची दोरी उगाच ओढत राहिला. "पोर गेल्यावर तू सकाळी उठून काय धुंडाळशील, ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

सुवार्तानं झाकण लावलं. अंगठा पोच्यावर गेला, झाकण टक् करून बसलं. शाळेच्या पायऱ्या, बाईंनी दिलेलं पाणी, बारा वर्षांच्या सकाळी, सगळं त्या आवाजात होतं. समोर प्रांजल उभी होती, डोळे भरलेले. वैष्णवी तिला मागून कोपरानं ढोसत होती. आता पोर गळ्यात पडणार, म्हणून सुवार्तानं एक हात मोकळा केला.

"मम्मी," प्रांजल म्हणाली, "हा माझा डबा नाहीये. माझा सहावीतच हरवला. तुला झोप लागणार नाही म्हणून वैष्णवीनं तिचा तसाच डबा दिला, आणि आम्ही दोघींनी दगडानं त्याला पोचा पाडला. खूप वेळ लागला गं. तुझा अंगठा नेमका कुठं बसतो, तेच आठवत नव्हतं."