पाहुणेबंगल्यातली पळपुटी चहागाडी

अप्पासाहेब टिपणीस स्वतःला जव्हार संस्थानचा तिसरा डोळा म्हणवून घेत. पहिले दोन कोणाचे, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झाली नव्हती. पगारपत्रकावर ते फौजदार कचेरीतले जावक कारकून होते. पण ते आपलं वेषांतर आहे, असं ते खासगीत सांगत. मातीतल्या ठशावरून माणसाचं गाव, वय आणि सकाळची न्याहारी ओळखतो, असा त्यांचा दावा होता. आजवर त्यांनी एकच प्रकरण तडीस नेलं होतं, हरवलेल्या बकरीचं. बकरी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. पण ती तपासाच्या दबावाखाली आली, याबद्दल अप्पासाहेबांना तिळमात्र शंका नव्हती.

हे सगळं देवराम पट्टेवाल्याला तोंडपाठ होतं. दाभोसा गावचा हा साधा माणूस कचेरीत लागला तेव्हा त्याला वाटलं होतं, टपाल वाहायचं असेल. आता तो भिंग, छत्री आणि अप्पासाहेबांचे अंदाज वाहत होता. तिन्हींत अंदाज फार जड.

संस्थानात पहिली मोटार आली त्याच्या पुढल्या चैत्रात हे प्रकरण उपटलं. पाहुणेबंगल्यात मुंबईहून आणलेली चहाची गाडी होती. चार चाकं, दोन फळ्या आणि वरून जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी चादर. चादरीआड पायानं दाबायचा खटका. दाबला की खट् करून चाक धरायचा, पुन्हा दाबला की खट् करून सोडायचा. व्हरांड्याची फरशी पावसाचं पाणी निघून जावं म्हणून किंचित उतरती केलेली; मोकळी गाडी जागीच राही, पण जड किटली ठेवली की सगळी भिस्त त्या खटक्यावर.

बंगल्यावरचा गडी लाडक्या रोज तीनला गाडी व्हरांड्यात उभी करी, खटका दाबी आणि कपबश्या आणायला जाई. वर्षभर गाडी गुणी पोरीसारखी उभी राहिली. शिमग्यानंतर पोश्या नावाचा नवा खानसामा आला आणि त्याच दिवशी ती पहिल्यांदा पळाली. मग संस्थानच्या कारभाऱ्यांनी सोम्या हवालदाराला रोज खटका तपासायचा हुकूम दिला, आणि आठवडाभर गाडी शांत राहिली. तेवढ्यात मुंबईहून गोरे साहेब येणार अशी वर्दी आली. बंदोबस्त पक्का हवा म्हणून अप्पासाहेबांना खास तपासनीस नेमलं. त्याच दुपारी उकळती किटली ठेवताक्षणी गाडी सुटली आणि व्हरांडाभर धावून गुलाबाच्या कुंडीवर आदळली.

कारभारी लाडक्याला एवढंच म्हणाले, "परवा साहेबांसमोर असं झालं, तर तू आपल्या गावी जायचं."

लाडक्याचं गाव सूर्यमाळ. चैत्रात तिथं हंडाभर पाण्यासाठी दरी उतरायची आणि तो हंडा डोक्यावर घेऊन चढायची. इथं त्याची बायको तानी बंगल्याची फरशी पुसायची, आणि विहीर दारात होती. लाडक्याचं तोंड एवढंसं झालं. "मी रोज दाबतो, सायेब. आजपण दाबला व्हता," तो म्हणाला. देवरामाला त्याची फार दया आली.

"देवराम, यात शेजारच्या संस्थानचा हात आहे," अप्पासाहेब म्हणाले. "झाडीत बसून कोणीतरी लोहचुंबकानं गाडी ओढतो."

"सायेब, गाडी लाकडाची हाय."

"म्हणून तर कोणाला संशय येत नाही."

दुसऱ्या दिवशी देवराम दुपारभर आंब्याच्या झाडावर बसला. त्याला मुंगळे चावले, हेर दिसला नाही. चारला किटली ठेवली, गाडी सुटली. खाली उतरेपर्यंत अप्पासाहेबांचं मत बदललेलं होतं.

"आगगाडी कशानं चालते?"

"वाफेनं, सायेब."

"आणि किटलीतून काय निघतं?"

अप्पासाहेबांनी किटलीची तोटी उलट्या दिशेला करून पुन्हा ठेवायला लावली. गाडी पहिल्याच दिशेला पळाली.

"वाफेनं दगा दिला," अप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे उरला लाडक्या. घरचाच भेदी. देवराम, लिहून घे."

देवरामाचा हात काही चालेना.

"सायेब, पाय उचला," खालून आवाज आला. तानी ओलं फडकं घेऊन फरशीवर बसली होती. अप्पासाहेबांनी पाय उचलला.

"माझ्या घरधन्यावर आलात म्हणून बोलते," ती म्हणाली. "आज मुद्दाम हिथं बसून बघला. तुमी कोणी चादर वर करून बघता का?"

"चादर उचलणं शिष्टाचारात बसत नाही."

"मी खालीच असते, मला दिसतं. तीनला घरधनी येतो. खट्, चाक धरलं. मंग पोश्याची वहाण येते, खातरी करायला. खट्, सुटलं. मंग हवालदाराचा बूट. खट्, धरलं. मंग तुमचा पंपशू." तिनं फडकं पिळलं. "तुमीच सोडता, सायेब."

देवराम घाईघाईनं छत्रीचा दांडा निरखू लागला. अप्पासाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं आणि नोकरी गेली असती.

अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "हाच माझा पहिल्यापासूनचा कयास होता. मला फक्त साक्षीदार हवा होता."

"मंग सायेब, उद्यापासून एकट्या लाडक्यानं दाबावा," देवराम म्हणाला.

"खुळा आहेस. तपासणीचे हुकूम निघालेत. निघालेला हुकूम मागे घेता येत नाही. वाढवता येतो."

आणि त्याच संध्याकाळी तानी संस्थानची पाचवी खटका-तपासनीस झाली.

दुसऱ्या दिवशी गोरे साहेब वेताच्या खुर्चीत, उताराच्या ऐन तोंडाशी बसले. देवराम मनात मोजत होता. लाडक्या, पोश्या, हवालदार, अप्पासाहेब, शेवटी तानी. पाच. चाक धरलेलं. तानी निर्धास्तपणे विहिरीवर गेली आणि देवरामानं श्वास सोडला.

मग अप्पासाहेब नव्या पगडीत परत आले. साहेबांना आपलं काम दिसावं म्हणून त्यांनी ऐटीत पाय पुढे केला. खट्.

सहा. दारात उभा लाडक्या पांढराफटक पडला. पोश्या वाफाळती किटली घेऊन निघालाच होता. देवरामाच्या हातून छत्री पडली, म्हणजे त्यानं ती पाडली. उचलायला म्हणून तो वाकला आणि चादरीखाली पाय सारला. खट्.

किटली ठेवली. गाडी हूं की चूं न करता उभी राहिली. साहेब दोन कप चहा प्याले.

"पाहिलंस?" अप्पासाहेब देवरामाच्या कानाशी लागले. "शेवटची तपासणी माझी होती, म्हणून निभावलं."

"होय सायेब," देवराम म्हणाला.

चहा आटोपला, साहेब आत गेले. तानी भरला हंडा डोक्यावर घेऊन आली आणि तिनं नजरेनंच लाडक्याला विचारलं. लाडक्यानं सात बोटं वर केली आणि देवरामाकडे मान वळवली. तानीनं मनात हिशेब जुळवला आणि अशी हसली, की हंडा हिंदकळून अर्धं पाणी व्हरांड्यात सांडलं. सांडलं तर सांडलं, विहीर दारात होती. पाणी उतरत्या फरशीवरून वाहत गेलं आणि थेट अप्पासाहेबांच्या पंपशूत शिरलं.