बिनकडीच्या न्हाणीघराचे वारसामूल्य

जी वस्तू वेळच्या वेळी दुरुस्त होते, तिला इतिहास नसतो. वारसा जतन समितीचा चिटणीस या नात्याने हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

उपनगरातल्या चढावरचे ते भव्य घरच घ्या. बटणांच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका गृहस्थाने ते बांधले. दर्शनी भागात सहा खांब आहेत. पैकी चार छत पेलतात आणि दोन नुसतेच सोबतीला उभे आहेत. (समितीतही साधारण हेच प्रमाण आहे.) वर देखणा मनोरा आहे. जिना बांधायचा राहून गेल्यामुळे तिथे आजवर कोणी गेलेले नाही, आणि म्हणूनच तो उत्तम स्थितीत आहे. एकदा एक थोर पुरुषही या घराच्या दाराशी आले होते. शेजारच्या घराचा पत्ता विचारून ते निघून गेले. त्या जागी आम्ही फलक लावला आहे.

एवढ्या भांडवलावर घर दुसऱ्या श्रेणीत बसत होते. पहिल्या श्रेणीत ते गेले न्हाणीघरामुळे.

न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. म्हणजे होती, पण बटणवाल्यांच्या हयातीतच ती निखळली. "सुतार कशाला? रविवारी मीच बसवतो," असे ते म्हणाले. त्यांच्यामागे मुलगा तेच म्हणत आला आणि हल्ली नातू म्हणतो. तो रविवार काही उजाडला नाही. तोवर घराने तोडगा काढला: आत जाईल त्याने गात राहायचे. गाणे चालू, म्हणजे आत माणूस. गाणे थांबले की खुशाल दार ढकलायचे. मुलगा, म्हणजे आजचे सासरे, भसाड्या आवाजात ताना मारतात. नातू एकच ओळ घोळवत बसतो, कारण दुसरी त्याला येत नाही. पाहुणे बिचारे खोकतात. (खोकला ग्राह्य धरला जात नाही.)

हाल झाले ते नातवाच्या बायकोचे, म्हणजे सूनबाईंचे. त्यांच्या गळ्याची आणि सुराची कधी गाठच पडलेली नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी त्या लाजून गप्प राहिल्या, आणि दार ढकलले गेले. तेव्हापासून त्या पाढे म्हणतात. सतराचा पाढा ऐकू आला की आत कोण आहे ते गल्लीला कळते.

अनुदान मिळाले तर निदान कडी तरी बसेल, या आशेने समितीकडे अर्ज केला तो सूनबाईंनीच. आम्ही पाहणीला गेलो, तर त्यांनी मनोरा, खांब सगळे सोडून आम्हाला तडक त्या दाराशी नेले. "एवढी एक कडी बसवा हो," त्या म्हणाल्या, "बाकी घर पडलं तरी चालेल."

नेमके तेव्हाच आतून सासऱ्यांनी तान मारली. अध्यक्षांचे डोळे पाणावले. "अहो, हा तर जिवंत वारसा!" ते म्हणाले. ठराव जागच्या जागी झाला. कडीचा अभाव मूळ स्वरूपात जपावा, गायनात खंड पडू देऊ नये आणि सतराचा पाढा ही उत्तरकालीन भर म्हणून वेगळी नोंदवावी. अनुदानही मंजूर झाले. त्यातून न्हाणीघरासमोर प्रेक्षकांसाठी बाके टाकली.

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "अगं, जरा दम धर," तो म्हणाला, "या रविवारी..."

त्यांनी पुढचे ऐकलेच नाही. दुपारी सगळे पेंगत असताना त्यांनी सुतार आणला. चहा थंड व्हायच्या आत कडी बसली. सूनबाई आत गेल्या, कडी लावली आणि चकार शब्द न काढता बसून राहिल्या. थोड्याच वेळात न्हाणीघरातून शांतता येत असल्याची तक्रार बाकांवरून आमच्याकडे आली. आम्ही धावलो.

"सूनबाई, अगं आहेस ना आत?" सासरे दारावर थापा मारत होते. मी कडी काढण्याची नोटीस मोठ्याने वाचून दाखवली.

"मला जरा गप्प बसू द्या हो!" आतून रडवेला आवाज आला. "इतकी वर्षं झाली, मला फक्त गप्प बसायचंय! जळला मेला तुमचा वारसा!"

(इतिवृत्तात 'कुटुंबाने सहकार्याची भावना व्यक्त केली' अशी नोंद आहे.)

कडी काढण्यात आली. स्क्रूची भोके काचेआड जतन केली आहेत. सूनबाई माहेरी गेल्या. तिथल्या न्हाणीघराला कडी आहे. नवरा आणायला गेला, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "बसवली?" तो काय म्हणाला ते सांगायला नको. तो एकटाच परत आला, आणि आता गाण्याची ती एक ओळ फार आर्त म्हणतो. तिकिटांची विक्री वाढली आहे.

हसलात? हसा. तुमच्याही घरात दोरीने बांधलेला एक नळ आहे, किंवा गुडघ्याने रेटल्याशिवाय न मिटणारे एक कपाट आहे. आणि 'सुतार कशाला?' म्हणणारा एक माणूसही आहे. सध्या हे वाचतोय तोच. माहेरी जायच्या बेतात कोण आहे, तेवढे एकदा बघून ठेवा. आम्ही सोमवारी पाहणीला येत आहोत. मध्ये एक रविवार आहे. पुरेशी संधी दिली नाही असे कोणी म्हणू नये, म्हणून तो मुद्दाम ठेवला आहे.

तुमच्या दारावर लावायची वारशाची पाटी आजच रंगवायला टाकली.