होडीभर पाणी

"गळली तर भंगारात. नाही गळली तर ठेवा, दुरुस्त करा, डोक्यावर घेऊन नाचा. मी एका शब्दानं बोलणार नाही," बायकोनं जेवता जेवता निकाल देऊन टाकला, हात धुतले आणि ती शिवणयंत्राला बसली.

शिवणयंत्र स्वयंपाकघरातच होतं, कारण घरात दुसरीकडे जागा नव्हती. जागा होती ती मागच्या अंगणात, आणि तिथे होडी उभी होती. ही बाई लोकांचे पडदे आणि पँटी शिवायची. भाजीत दोरे निघत आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याला कांद्याचा वास येई. तिला अंगणात पत्र्याची एक खोली हवी होती. फार मोठं काही मागत नव्हती बिचारी. पण होडीला घर होतं आणि यंत्राला नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी गल्ली त्याला लिफ्टवालाच म्हणे. त्याचा जन्म इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या, तेलकट विहिरींत गेला होता. दिवसभर वर जायचं आणि खाली यायचं. कुठेच पोचायचं नाही. त्यामुळे एकदा तरी आडवं जावं, नुसतं आडवं, समोर काही न लागता जात राहावं, असं त्याला फार वाटे. ही इच्छा त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सांगणार काय? 'मला आडवं जायचंय' असं म्हणणाऱ्याला लोक दवाखान्यात नेतात.

होडी सासऱ्यांची होती. फायबरची, मासेमारीची, कधीकाळी निळी. गुडघ्यांनी संप केल्यावर सासरे समुद्र सोडून मुलीकडे राहायला आले, तेव्हा मागून ट्रकमधून ही आली. दुसऱ्यांचे सासरे एखादी ट्रंक घेऊन येतात. सासऱ्यांनी ती लाकडी ठोकळ्यांवर चढवून घेतली आणि त्यानंतर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "बाबा, हिचं काय करायचं?" असं विचारलं की एकच उत्तर: "बघा तुमचं तुम्ही."

लिफ्टवाला बघत होता. रोज संध्याकाळी कामावरून आला की होडीत चढून आडव्या फळीवर बसायचा. काठापलीकडे गवत वाऱ्यानं वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. दोरीवर वाळत घातलेले गिऱ्हाइकांचे पडदे फुगायचे. थोडे डोळे बारीक केले की शेजारची भिंत मागे मागे सरकतेय असं वाटायचं आणि पोटात गार, सुखाचं काहीतरी हलायचं. मग आतून बायकोची हाक यायची, भिंत जागेवर यायची आणि तो खाली उतरायचा.

तो असा रोज होडीत बसायला लागल्याचं कळताच गल्लीला कंठ फुटला. जुनी होडी म्हणजे सल्ले टाकायची पेटीच. ज्यानं आयुष्यात कधी बादलीत पाय बुडवला नाही तोही यायचा आणि तिच्या अंगावर बोटं वाजवून बोलायचा. फुकट बोलणाऱ्या या सगळ्यांना भर समुद्रात नेऊन सोडावं असं लिफ्टवाल्याला वाटे. पण त्यासाठी आधी होडी दुरुस्त व्हायला हवी होती.

सगळ्यांत वरचढ होते शेजारचे निवृत्त साहेब. गल्लीनं त्यांचं नाव 'कमिटी' ठेवलं होतं, कारण एकटे असले तरी ते बैठक भरल्यासारखे बोलत. कमिटीनं भिंतीवरून हात लांबवून होडीवर टकटक केली आणि मान हलवली.

"पोकळ झालीय."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"साहेब, होडी पोकळच असते."

कमिटीला हा मुद्दा नवीन होता. पण मागे हटेल ती कमिटी कसली! "असं करा," ते म्हणाले, "हिच्यात काठोकाठ पाणी भरा. बाहेरचं पाणी जिथून आत येतं तिथूनच आतलं पाणी बाहेर जाणार. जिथे गळेल तिथे रोग. विज्ञान आहे हे."

हे विज्ञान स्वयंपाकघराच्या खिडकीतून यंत्रापर्यंत पोचलं, आणि त्यातूनच वरचा निकाल लागला. परीक्षा रविवारी.

शनिवारी दुपारीच लिफ्टवाला घरी आला. विजेरी घेऊन तो होडीच्या पोटात शिरला आणि तळ इंच इंच तपासू लागला. भेगा होत्या, पण वरवरच्या, नुसत्या रंगाला गेलेल्या. त्याचा जीव भांड्यात पडत होता तेवढ्यात अगदी मागे, सगळ्यांत खोलगट जागी, विजेरीच्या उजेडात एक भोक दिसलं. गोल. अंगठा जाईल एवढं. आरपार! भोकातून खालचं गवत दिसत होतं.

त्यानं भोकात अंगठा घालून पाहिला. समुद्रात जाणाऱ्या वस्तूच्या बुडाला भोक! आणि सासरे हिच्यातून जाऊन येत होते!

सासरे समोर ओट्यावरच बसले होते. विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण विचारायचं म्हणजे भोक आहे असं कबूल करायचं, आणि बाबांना सांगितलेलं यंत्राच्या आवाजातसुद्धा बायकोला ऐकू जातं. शिवाय लिफ्टवाल्याला असले प्रश्न पडतच नसत. लिफ्टच्या पेटीला भोक पडलं तर ते बुजवायचं असतं, त्याची विचारपूस करायची नसते. त्यानं गुपचूप फायबर सांधायचं चिकट रेझिन कालवलं, काचतंतूंची जाळी कातरली आणि भोक आतून बुजवलं, बाहेरून बुजवलं, मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा आतून बुजवलं.

"कसला हो वास येतोय?" बायकोनं आतून विचारलं.

"मला सर्दी झालीय," तो म्हणाला.

रविवारी जेवणं उरकली आणि नळी सोडली. बायकोनं होडीखाली काळं अस्तर अंथरलं. काळ्यावर एक थेंब पडला तरी दिसतो, हे शिवणाऱ्या बाईला बरोबर ठाऊक. भिंतीवर कमिटी हनुवटी टेकून उभी होती. सासरे ओट्यावर पाठ करून बसले होते.

पाणी चढत गेलं. आधी तळ झाकला गेला, मग फासळ्या, मग बसायची फळी. आणि मग दुपार कलता कलता होडीत आभाळ उतरलं. एक ढग पुढच्या टोकाकडून आत शिरला, फळीवरून सावकाश पलीकडे गेला. लिफ्टवाला काठावर कोपरं टेकून बघत राहिला. सगळी होडी निळी, खोल आणि गप्प झाली होती. नळी बंद करायची असते हेही तो विसरला.

बायको अस्तरावर गुडघे टेकून खाली वाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. बाई भांडकुदळ असेल, पण खोटी नव्हती. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही गळली."

लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात खालून 'कर्रर्र' असा आवाज आला.

लिफ्टमध्ये पाटी लावलेली असते: इतकी माणसं, त्यापेक्षा जास्त नाहीत. जन्मभर त्या पाट्या पुसणाऱ्या माणसाला होडीभर पाण्याचं वजन तेव्हा सुचलं, जेव्हा भिजलेल्या मातीत एका बाजूचे ठोकळे लोण्यात सुरी जावी तसे जाऊ लागले. होडी संथपणे, झोपेत कूस बदलावी तशी कलली आणि शेजारच्या भिंतीला खांदा लावून थांबली.

"अहो, तुमची होडी माझ्या भिंतीवर पडतेय!" कमिटी ओरडली.

"पडत नाही. टेकलीय."

"पाणी सोडा आधी! नळीनं ओढून काढा!"

पण नळी त्याच खचलेल्या ठोकळ्यांखाली चपटी झाली होती. तिच्यातून आता मुंगीही गेली नसती. अशा वेळी ओट्यावरून आवाज आला. होडीबद्दल इतक्या काळात सासरे पहिल्यांदा आपणहून काही बोलले.

"ते मागचं भोक मोकळं करा की."

"कुठलं भोक, बाबा?" बायकोनं विचारलं.

"बुडाला असतं ना. होडी जमिनीवर असली की ते उघडं ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात उतरवताना बूच मारायचं. बूच तर माझ्या कपाटात आहे." सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वळवून होडीकडे पाहिलं. "मग पाणी थांबलं कसं?"

त्या भरलेल्या होडीतून एकच पाणी पळालं, ते लिफ्टवाल्याच्या तोंडचं.

"अहो," बायको म्हणाली. नुसतं 'अहो'. पण त्यात सगळं आलं.

"मला वाटलं बिघाड आहे."

"म्हणजे तुम्ही ते बुजवलंत? काल? कालची सर्दी म्हणजे हीच का?"

"तांत्रिकदृष्ट्या," भिंतीवरून कमिटी म्हणाली, "मुद्दाम ठेवलेल्या भोकाला गळती म्हणता येत नाही."

"साहेब, तुम्ही आत जा!" नवराबायको एका सुरात म्हणाले. त्या दिवशी त्यांचं जुळलं ते एवढंच.

कलत्या होडीखाली झोपून भोक पाडायला कोण जाणार? बादलीनंच उपसायचं ठरलं. लिफ्टवाला बादली घेऊन होडीत चढला, त्याबरोबर भिंतीतून थोडी माती गळाली. "हलू नका! वजन एका बाजूला पडतंय," सासरे म्हणाले. "थांबा, मी दुसऱ्या काठाला येतो." कुणी नको म्हणायच्या आत म्हातारा काठी टेकत आला, स्टुलावर चढला आणि पलीकडच्या काठावरून पाण्यात उतरला. छातीपर्यंत पाण्यात, बुडालेल्या फळीवर टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. गुडघे... आहेत का नाहीत तेच कळत नाहीये."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मुलीनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तिनं पाण्यात बोटं घातली, मग कोपरापर्यंत हात घातला. मग, मधोमध कुणीतरी बसायला हवंच असं कुणाला न विचारता ठरवून, तीही कपड्यांसकट आत आली. काठावरून पाणी सांडलं आणि पुन्हा निवांत झालं. बादली लिफ्टवाल्याच्या मांडीवर तशीच राहिली. ऊन पिवळं होत चाललं होतं. गवत वाकत होतं, पडदे फुगत होते आणि तिघं जण अंगणात, पाण्यानं भरलेल्या होडीत, कुणाचीही वाट न बघता बसले होते.

कितीतरी वेळानं लिफ्टवाल्याला धीर आला. "बाबा, ही नीट केली तर... मला एकदा न्याल? आत, समुद्रात?"

सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. "पोहता येतं का जावई तुम्हाला?"

आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं. "नाही."

"मग काही हरकत नाही. मलाही येत नाही."

बायकोचा पाण्यात फिरणारा हात थांबला. "काय म्हणालात, बाबा?"

"पोहता येत नाही म्हटलं."

"सगळा जन्म समुद्रात काढलात तुम्ही!"

"समुद्रात कुठे? होडीत काढला. पोहता येत असतं तर होडी कशाला घेतली असती?"

लिफ्टवाल्याला हसू फुटलं. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"आईला माहीत होतं हे?" तिनं विचारलं.

"माहीत होतं की," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर मी परत येईस्तोवर दारात बसायची."

बायकोनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, तिसऱ्यांदा जरा जास्तच जोरात मारलं. मग नवऱ्याच्या मांडीवरची बादली ओढून घेतली. ही आता पाणी उपसणार असं त्याला वाटलं. तिनं बादली काठावरून लांब गवतात फेकून दिली.

"पाणी सोडायचं नाही," ती म्हणाली. "काठ धरा."

"कुणी?"

"दोघांनीही. इकडे तोंड करा, हात लांब, पाय मागे. बाबा, तुम्हीसुद्धा."

"अगं, पण तुला कुठे येतं पोहायला?" लिफ्टवाला म्हणाला.

"येतं. आईनं रडत रडत पाठवलं होतं शिकायला. तेव्हा मला वाटायचं, मी नको झालेय हिला." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला दोघांना आलं की मी स्वतः भोक पाडीन, रंगही लावीन. तोवर गेली माझी खोली खड्ड्यात. चला!"

दोन बाप्ये काठाला लोंबकळले. एकानं पाय मारला तो दुसऱ्याला लागला. दुसऱ्यानं मारला तो फळीला लागला. होडीभर खळबळ उडाली, पाण्याचा एक मोठा सपकारा भिंतीवरून पलीकडे गेला आणि तिथून निथळणारं डोकं वर आलं.

"वहिनी," कमिटी म्हणाली, "भिंतीचा प्रश्न आहे म्हणून विचारतो. शेवटी होडीचं ठरलं काय?"

"होडीला काही झालेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "माणसं दुरुस्तीला काढलीत. बाबा, गुडघे वाकवू नका! आपटा पाय, आपटा!"