खोक्यातला पावणा

मला राग येतो. तसा सगळ्यांनाच येतो म्हणा, पण माझा राग आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. (मी पतसंस्थेत कारकून आहे. माझ्या टेबलापुढं रांग नसते, लोक शेजारच्या टेबलापुढं ताटकळत उभे राहतात.)

त्या रात्री वाऱ्यानं नुसता धुमाकूळ घातला होता. टाकीचं झाकण जागेवर आहे का बघावं म्हणून सकाळी गच्चीवर गेलो, तिथंच चुकलं. झाकण गायब, आणि टाकीच्या आडोशाला एक भलामोठा पक्षी. काळपट पाठ, पांढरं पोट, बोटांमध्ये बदकासारखं कातडं. उचलायला गेलो तर पठ्ठ्यानं माझा अंगठा फोडला. मी बोंबललो. शेजारच्या गच्चीवरनं आण्णा माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, "बदक हाय त्ये, रस्सा कर की!" (आमच्याकडं आजाऱ्याची विचारपूस अशीच करतात.)

बदक नव्हतं. वादळात समुद्रपक्षी भरकटून आत येतात, दिसल्यास कळवा, असं पेपरात आलं होतं आणि खाली नंबरही होता. लावला.

"कुठल्या किनाऱ्यावर सापडला?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"किनाऱ्यावर न्हाय, गच्चीवर. कोल्हापुरात."

"जवळचा समुद्रकिनारा सांगा."

"रंकाळा," मी म्हणालो.

रंकाळा त्यांच्या यादीत नव्हता. मग मी जो काही तापलो! पण बाई थंड. माझा दम संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खायला कोंबू नका, झाकण उघडू नका, आणि मुख्य म्हणजे आवाज नको. असे पक्षी आवाजाच्या धसक्यानंसुद्धा मरतात.

झालं. टीव्हीचं खोकं माळ्यावरनं काढलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आमच्या घरातला आवाज बंद झाला. बायको, स्वप्नाली, कुकरच्या शिट्टीलासुद्धा घाबरायला लागली.

आता गंमत बघा. बाईंनी मला दुसऱ्या ऑफिसचा नंबर दिला. ते म्हणाले, समुद्राचा जीव आमच्याकडं येत नाही. तिसरे म्हणाले, मेला असेल तर पंचनामा करू, जिवंत असेल तर बघावं लागेल. वाऱ्यानं ढकलत आणलेला मुका जीव माझ्या घरात शेवटचे श्वास मोजतोय, आणि ही माणसं त्याची हद्द ठरवत बसली होती! डोकं असं फिरलं म्हणता! पण ओरडायचं कसं? खोक्याशेजारी उकिडवा बसून मी दात-ओठ खात कुजबुजलो, "तुमची गडचिरोलीला बदली करून दाखवतो."

"जरा मोठ्यानं बोला की, साहेब," पलीकडचा म्हणाला.

"मोठ्यानं बोलता येत न्हाय!"

"का? घसा बसलाय?"

त्याला काय सांगणार, कपाळ! शेवटी वैतागून त्यानं पत्ता तेवढा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो, संध्याकाळी चपला हातात घेऊन घरात शिरलो. स्वप्नाली ओठांवर बोट ठेवून म्हणाली, झोपलाय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही झोपलेलाच. आमटीत मीठ नव्हतं, मी गप्प. आण्णांनी माझ्या दारातच गाडी लावली, तरी मी गप्प. माझ्या आयुष्यात एवढा राग मी कधी गिळला नव्हता, पोटात दुखायला लागलं. पण खोक्यात काहीच हलेना, तसं माझं काळीज हललं. मेला की काय? अंगठा फोडला तरी आपला पावणा होता तो. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. चौथ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच माणसाला फोन लावला आणि कुजबुजत शिव्या घातल्या.

"अहो, पक्षी परवाच न्हेला की," तो म्हणाला. "काल मालवणला सोडलासुद्धा. वैनींनी स्वतः आमच्या माणसाच्या ताब्यात दिला."

मी खोकं उघडलं. आत बटाटे.

"सांगणारच हुते," स्वप्नाली म्हणाली. "पर तुम्ही आलासा, आन् हळूच म्हणालासा, च्या देतीस का गं? लगीन झाल्यापास्नं असं कधी इचारलं न्हाईसा. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे दोन दिस."

म्हणजे दोन दिवस मी बटाट्यांची झोपमोड होऊ नये म्हणून बोटांवर चालत होतो! साठवलेला सगळा राग एकदम वर आला. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि दार वाजलं. दारात आण्णांची बायको, धोंडुबाई.

"स्वप्नाली," त्या हळूच म्हणाल्या, "तुझं काम झालं असलं तर त्ये खोकं आठ दिस दे की. आमचंबी लई वराडत्यात."