मास्टरजींनी चावी हरवली आहे

"हरवली आणि हरवली आहे, यात फरक काय?" तरलोचन मास्टरजींनी विचारलं.

रमनीकने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्यात हरवली, मास्टरजी. आणि दुसऱ्यात... जरा जास्त हरवली."

मागच्या बाकावर गुरतेज फिसकन हसला. त्याला कॅनडात जाऊन ट्रक चालवायचा होता आणि तोवर वर्गात तोंड चालवायचं होतं. "मग तिसऱ्यात पोलिसात जायचं का, मास्टरजी?"

"तू गप्प बस. तुझा तर वर्तमानकाळच खराब आहे."

पंजाबातल्या बंगा गावच्या बाजारात, मंगतराम रजईवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत मास्टरजींचा इंग्रजीचा वर्ग भरे. रमनीकची तोंडी परीक्षा त्याच दिवशी दुपारी जालंधरला होती. ती पास झाली तर विलायतेचा व्हिसा, आणि व्हिसा मिळाला तर नवरा. लग्नानंतर महिन्याभरात तो बर्मिंगहॅमला बस चालवायला गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. मागच्या परीक्षेत परीक्षक बाईंनी घरच्यांची चौकशी केली, तेव्हा घाबरलेल्या रमनीकने सगळं घरदार भूतकाळात घातलं. 'मला एक नवरा होता,' असं तिने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवून तिचं सांत्वन केलं आणि नापासही केलं.

त्या दिवशी घरी बीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, खीर केली होती. सुनेचं दुःख हलकं व्हावं म्हणून केली, असं त्या म्हणाल्या. पण खिरीत बदाम जरा जास्तच होते. सासरे गेल्यापासून घरात या दोघीच. पहाटेचा पाठ दोघींनी मिळून म्हणायचा, संध्याकाळची रहिरासची प्रार्थनाही दोघींनी. एकीला एखादी ओळ आठवली नाही तर दुसरी ती पुढे करायची. असं सुरेख चाललेलं घर परीक्षेच्या एका कागदावर टांगलेलं होतं.

आज मात्र बीजींनी स्वतः रमनीकच्या हातावर दही-साखर ठेवली, तिला वर्गाच्या जिन्यापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "जा पुत्तर. साडेबाराची बस आहे. तोवर मी खाली सेवा करते."

खाली छबील, म्हणजे सरबताची पाणपोई, लागली होती. जेठ महिन्याचं ऊन, गुरूंच्या शहीदीचा दिवस. अशा दिवशी बंग्याच्या रस्त्यावरून तहानलेला माणूस जाऊच शकत नाही. तहान नसलेलाही सुटत नाही, कारण पोरं रस्त्यात आडवी उभी राहून ट्रक, ट्रॅक्टर, मोटारी थांबवतात आणि दुधाचं गुलाबी सरबत पाजल्याशिवाय सोडत नाहीत. बख्शीश सिंग हलवायाने पहाटेपासून मोठा ड्रम भरून ठेवला होता. त्यात बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या. शेजारी कर्ण्यावर कीर्तन चाललं होतं, आणि बीजी पेले विसळायच्या टबापाशी मांडी घालून बसल्या होत्या.

वर मास्टरजींनी शेवटचा उपाय काढला. हा त्यांचा हातखंडा होता आणि त्यासाठी लांबून पोरं येत. आधी ते लोखंडी दाराला आतून कुलूप घालत आणि जाहीर करत, "आता तुम्ही विलायतेत आहात." त्यापुढे खोलीत पंजाबी शब्द चालत नसे. मोबाइल तर आधीच खाली मंगतरामच्या पेटीत जमा होत. नियम सगळ्यांना सारखा म्हणून मास्टरजी आपलाही ठेवत. मग खिडकीकडे पाठ करून ते चावी खांद्यावरून मागे भिरकावत आणि कपाळावर हात मारून ओरडत, "आय हॅव लॉस्ट माय की!" चावी खाली मंगतरामच्या कापसाच्या ढिगात पडे. वर्गातले सगळे कोंडलेले. मास्टरजी इंग्रजीत समजावत, "बघा, हरवली ती मघाशी, पण अडचण अजून समोर उभी आहे. अडचण समोर असेतो हा काळ." सगळ्यांना नीट घाम फुटला की मंगतराम चावी चहाच्या डब्यात टाकी. खिडकीच्या गजांतून दोरीने खाली सोडलेला हा कडीचा डबा मग वर ओढला जाई, दार उघडे, आणि मास्टरजी म्हणत, "आता सापडली. आता म्हणा, आय लॉस्ट माय की. गोष्ट संपली, साधा भूतकाळ."

त्या दिवशीही त्यांनी कुलूप घातलं, पाठ केली आणि चावी भिरकावली.

खाली डुबुक असा आवाज झाला.

कापसातून डुबुक येत नाही हे मास्टरजींना ठाऊक होतं. त्यांनी वळून पाहिलं. छबीलसाठी मंगतरामने कापूस आत हलवला होता आणि स्वतः तो गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटायला गेला होता. ढिगाच्या जागी ड्रम होता आणि बख्शीश त्यात बर्फाची नवी लादी सोडत होता.

"आय हॅव लॉस्ट माय की," मास्टरजी हळूच म्हणाले.

"व्हेरी गुड, सर!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. इतकं मनापासून त्यांनी ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं.

मग मास्टरजींनी खिडकीतून हात बाहेर काढून तेच वाक्य खाली ओरडून सांगितलं. कर्ण्यापुढे त्यांचं कोण ऐकणार? बख्शीशने वर पाहिलं. उन्हात एक म्हातारा मास्तर गजांतून हात हलवतोय, मागे सात तोंडं. त्याचं मन कळवळलं. त्याने चहाचा डबा काठोकाठ सरबताने भरला आणि दोरीला हिसका दिला.

"पिऊन घ्या," गुरतेज कुजबुजला. "नाहीतर त्याला वाईट वाटेल."

सगळ्यांनी घोट घोट घेतलं. रिकामा डबा खाली गेला. मास्टरजी अधिक जोरात हात हलवू लागले, तेव्हा अधिक मोठ्या मनाने तो पुन्हा भरून आला. तिसऱ्या वेळी मास्टरजींनी डब्यात चिठ्ठी घातली. अर्थातच इंग्रजीत, कारण विलायत अजून चालू होती. बख्शीशने चिठ्ठी उलगडली, आभाराची असणार असं समजून कपाळाला लावली आणि गुरूंच्या तसबिरीपुढे फुलांत ठेवून दिली. डबा चौथ्यांदा वर आला.

रमनीक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. बसला अर्धा तास उरला होता. तिने मनात वाहेगुरूचं नाव घेतलं. त्याच क्षणी खाली कीर्तन गाणारे रागी श्वास घ्यायला थांबले आणि कर्णा गप्प झाला. ज्या मुलीचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत जात नसे, ती खिडकीत उभी राहून शुद्ध पंजाबीत ओरडली, "चाचाजी! दाराची चावी तुमच्या ड्रममध्ये पडलीय! माझी परीक्षा आहे!"

सगळा बाजार वर बघू लागला.

"पंजाबीत बोललीस," मास्टरजी सवयीने म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "पण छान बोललीस, पुत्तर."

खाली चर्चा सुरू झाली. वेल्डर म्हणाला, दार लोखंडी आहे, मशीन फगवाड्याला आहे. कुणी म्हणालं, हात घालून काढ. बख्शीश संतापला. "हात घालू? गुरूंच्या नावाचं सरबत उष्टं करू?"

"मग ओतून दे."

"कुठे, रस्त्यावर? प्रसाद पायदळी? तोंडाला येईल ते बोलतोस!"

"दुसऱ्या भांड्यात काढ."

"सगळी भांडी भरलेली आहेत. भाविकांनी दूध काय कमी दिलंय?" त्याने बाह्या वर सारल्या. "एकच रस्ता. पिऊन संपवायचं."

आणि बंगा पिऊ लागला. तराजू सोडून दुकानदार आले. विटांच्या ट्रकवरची माणसं उतरली. रहदारीच्या हवालदाराने शिट्टी खिशात घालून पेला धरला, आणि नंतर तीच शिट्टी काढून इतरांना पेल्याकडे वळवलं. तेवढ्यात साडेबाराची जालंधर बस आली. पोरं आडवी आली.

"नाही, खरंच नाही," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला. "वाटेत तीन ठिकाणी प्यायलोय. पोटात जागा नाही, सरदारजी."

"त्या खिडकीत बघ," बख्शीश म्हणाला. "त्या मुलीचा संसार या ड्रमच्या तळाशी अडकलाय. पी."

ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं, पट्टा सैल केला आणि दोन पेले मागितले. पाठोपाठ सगळी बस उतरली. बायका, म्हातारे, लुधियान्याचा कापडवाला, सगळे पीत होते आणि ड्रममध्ये डोकावून "किती राहिलं?" असं विचारत होते. सूनबाई कुणाची, परीक्षा कसली, नवरा कुठे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. पेले बीजींच्या टबात येऊन पडत होते आणि बीजी मान खाली घालून विसळत होत्या.

अखेर ड्रम कलता करून शेवटचा पेला हवालदाराने घेतला. सगळे आत वाकले. तळाशी बर्फाचा एक तुकडा होता आणि गुलाबाच्या दोन पाकळ्या. चावी नव्हती.

"मास्टरजी, नक्की यातच पडली का?" बख्शीशने विचारलं.

बसने हॉर्न दिला. ड्रायव्हरचा इलाज नव्हता. रमनीकच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने गजांतून दोन्ही हात बाहेर काढले आणि जोडले. "चाचाजी, वीरजी, बहेनजी, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं केलंत, हे काय कमी झालं? परीक्षा पुन्हा येईल. वाहेगुरू तुम्हाला सुखी ठेवो." मग तिने टबाकडे पाहिलं. "बीजी, तुम्ही केव्हाच्या उन्हात बसलाय. सावलीत जा हो. आज घरी गेल्यावर स्वयंपाक मी करीन."

बीजींचा हात पेल्यात थांबला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ओढणी सावरली, ड्रमपाशी गेल्या आणि बख्शीशला म्हणाल्या, "सर बाजूला. तुम्हा पुरुषांना घरात डोळ्यांसमोरचं मीठ सापडत नाही."

त्यांनी कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला, तळ चाचपल्यासारखं केलं आणि वर काढला. हातात चावी होती.

बाजारात एकच जयघोष झाला. चावी डब्यात पडली, डबा सरसर वर गेला. ती रमनीकनेच उचलली. एवढ्या बर्फाच्या पाण्यातून आलेली चावी कोमट होती, माणसाच्या अंगाखाली बराच वेळ राहिल्यासारखी. तिला बांधलेला लाल दोरा ठणठणीत कोरडा होता. रमनीकने खिडकीतून खाली पाहिलं. बीजी पाठमोऱ्या बसून पेले विसळत होत्या, अगोदरच विसळलेले.

जिना उतरून रमनीक आधी त्यांच्या पाया पडली.

"अगं, बस जाईल!" बीजी म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढला नाही.

बस जालंधरला पोचेपर्यंत प्रत्येक झुडपापाशी थांबली. एवढ्या सरबताने दुसरं काय होणार? तरी देवाच्या दयेने रमनीक वेळेत पोचली. बाईंनी विचारलं, सकाळपासून काय काय झालं? रमनीकने सांगायला सुरुवात केली आणि वेळ संपल्याची घंटा झाली तरी बाई म्हणत होत्या, "मग? सापडली का?"

निकाल आला त्या दिवशी रमनीकने बीजींपुढे पेढे ठेवले. "पास झाले, बीजी. तुमच्या कृपेने."

"माझी कसली कृपा?"

"चावी तुम्हीच दिलीत ना."

बीजी पेढ्याकडे बघत राहिल्या. "ड्रममधून काढली मी."

"हो बीजी. ड्रममधूनच," रमनीक म्हणाली आणि पेढा त्यांच्या तोंडात घातला. "आणि मी गेल्यावरच्या सोमवारपासून तुम्ही मास्टरजींकडे जायचं. मी नाव घालून आलेय. तुम्ही आम्हाला भेटायला याल तेव्हा विमानतळावर तुमच्याशी पंजाबीत कोण बोलणार?"

"या वयात? लोक हसतील."

"हसू देत. पाठाची ओळ चुकली की मला तिथे कोण आठवून देणार आहे?"

व्हिसा आला आणि रमनीक विलायतेला गेली. पुढच्याच सोमवारी पांढरी ओढणी घेऊन बीजी पहिल्या बाकावर बसल्या. गुरतेज त्यांना सरकून जागा देत म्हणाला, "बीजी, घाबरू नका. मी इथे तीन वर्षं आहे, मलाही येत नाही." मास्टरजी आता चावी कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवत. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि सांगितलं, "इकडचं झालं आणि संपलं. तिकडचं झालंय, पण अजून आपल्यापाशी आहे. कुठलं कुठे घालायचं, एवढंच शिकायचं."

बीजींनी हात वर केला.

"मास्टरजी, एखादीने आपल्याला माफ केलं, आणि तसं कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. तर ते कुठल्या बाजूला?"

मास्टरजींनी खडू हातात फिरवला. "ते तिकडे, बीजी. अजून आपल्यापाशी आहे त्या बाजूला."

"मग मला तेवढंच शिकवा," बीजी वही उघडत म्हणाल्या. "दुसरं नाही आलं तरी चालेल."