एक ते चार बंद

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बेहेरेकाकांच्या दारावर पाटी होती : 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. का वाजवली, ते मात्र चारनंतर विचारले जाईल.' आणि ते खरंच विचारायचे! पोस्टमनला विचारलं, गॅसवाल्याला विचारलं, एकदा तर चक्क व्याह्यांना विचारलं. "नियम आधी, माणूस नंतर," हे त्यांचं पालुपद.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळल्या. त्याच सुमारास त्यांच्या मुलाला अमेरिकेत मुलगी झाली. नातीचे फोटो ईमेलने यायचे ते बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. काकांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर काकूंच्या उशाशी मांडला आणि मला बोलावणं धाडलं. "अगं, तू खराडीला कॉम्प्युटरचंच काम करतेस ना? मग हे दोन्ही जोडून दे. हिला नात बघायचीय."

रविवारी सकाळी मी वायर टाकली, फोटोंचा फोल्डर शेअर केला, कुठे क्लिक करायचं ते काकूंना दाखवलं. बाळ दिसलं. काकू रडल्या. काकांनी मला चहा दिला, तोही अख्खा कप!

सोमवारी संध्याकाळी निरोप : "दिसत नाही." खाली गेले, तर व्यवस्थित दिसत होतं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी वायर बदलली, सगळी सेटिंग्ज तपासली. काका मागे हात बांधून उभे. "कंपनीतही असंच अंदाजपंचे चालतं का?" अस्सं डोकं फिरलं माझं!

शेवटी काकूंनाच विचारलं, "तुम्ही बघता कधी?"

"अगं, सकाळी ती व्यायाम घेणारी येते, संध्याकाळी भेटायला माणसं. मला आपली दुपारच मोकळी. हे झोपले की निवांत बघावं म्हणते, तर नेमकं तेव्हाच काही उघडत नाही."

मी काकांकडे वळले. "काका, दुपारी बाहेरचा कॉम्प्युटर चालू असतो ना?"

"भलतंच! एक ते चार बंद. यंत्रालाही विश्रांती लागते. वर टॉवेल घालतो मी."

"अहो, फोटो त्यातच आहेत! तोच झोपला तर काकूंना दिसणार कुठून?"

"म्हणजे इतके दिवस मीच..." काका एवढंच म्हणाले आणि टॉवेलाची घडी घालत बसले.

पुढच्या आठवड्यात मी रजेवर होते. दुपारी अडीचला जिना उतरताना बघते तर काय, पाटी जागच्या जागी, पण दार सताड उघडं! आत काका कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेले, डोळे लालभडक.

"काका, झोपला नाहीत?"

"हळू बोल. मधेच वीज जाते. आली की हे परत चालू कोण करणार? तिला उठता येतंय का?"

"आणि दार?"

"जिन्यात आवाज झाले की डोळा लागत नाही."

तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, जागे आहात ना? काय गोड हसलीय बघा! व्यायामवाली म्हणाली, आता वॉकर घेऊन चाला. उद्या मीच येते बाहेर. दोघं मिळून बघू."

"ये की," काका म्हणाले. आणि लगेच उठून, कॉम्प्युटरवर घालायच्या त्या टॉवेलाने शेजारची खुर्ची पुसायला लागले.