हॉलीचं सुतक

आमच्या पाचगणीच्या गल्लीत माणूस गेलं की त्या घरची झाडं तेराव्यापर्यंत आपली सगळी पानं गाळतात, आणि माझी बायको विशाखा गेली तेव्हा आमच्या हॉलीच्या झाडानं ती गाळली नाहीत.

बाकीच्यांनी रीत पाळली. जास्वंद दुसऱ्याच दिवशी मोकळी झाली. पेरूनं दोन दिवस घेतले. कढीपत्त्याबद्दल मला शंका होती, पण तोही वेळेत उघडाबोडका होऊन उभा राहिला. हॉली मात्र तशीच राहिली, हिरवीगार, पॉलिश केल्यासारखी, पानापानाच्या कडेला काटे.

ती विशाखानं लावलेली, नाताळात सजावटीला वापरतात ते विलायती झाड. एका जुन्या बंगल्याच्या आवारातून फांदी आणून तिनं ती वर्षभर गोणपाटाच्या सावलीत जगवली. पाणी साचू द्यायचं नाही, मुळाशी चहाचा चोथा आणि कुजलेला पाला, दुपारचं ऊन नको. झाड मादी निघालं. नर झाड आसपास कुठंच नव्हतं, त्यामुळं लाल फळं कधी धरली नाहीत. त्याबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी राजपुरे अण्णा आले. गल्लीतल्या मयतीचं सगळं तेच बघतात. ते फाटकाबाहेर उभे राहिले.

"सर, तुमच्या झाडानं काही मनावर घेतलेलं दिसत नाही."

"त्याची जातच तशी आहे, अण्णा. बारा महिने हिरवं असतं."

"असेल. पण शेवटचं झाड मोकळं झाल्याशिवाय सुतक फिटत नाही. आणि सुतक फिटल्याशिवाय तुमच्या घरात कुणाला पाणीसुद्धा पिता येत नाही. मला आत्ता चहा चालला असता, पण काय करणार?"

"पानं मी तोडली तर?"

"ओरबाडलेलं धरत नाहीत. गल्लीतल्या बाबरांनी आंब्याच्या बाबतीत करून बघितलं होतं. त्यांना पुन्हा पहिल्या दिवसापासून बसावं लागलं."

"मग?"

"मुळापासून काढलं तर झाडच राहत नाही. उद्या गोडाचं जेवण होईल. माणसं येतील, बसतील. एकट्याला घर खायला उठतं, सर. विचार करा."

मी विचार केला. माणसं यायला हवीच होती. घरात दोन खुर्च्या समोरासमोर होत्या आणि मी कुठल्याही एकीवर बसलो तरी दुसरी दिसत होती. मी कुदळ काढून ओट्यावर ठेवली.

सकाळी अंगण झाडताना पायाला काटा लागला. बघितलं तर हॉलीचं पान, पिवळं पडून गळलेलं. फांदीवर त्याच्याशेजारी नवी पालवी होती. बुंध्याशी चोथ्याखाली उकरलं, तर तिथं जुनी पानं होती, काही या आठवड्यातली, काही त्याच्याही आधीची.

मी ती सुपात घेऊन फाटकाशी गेलो. अण्णांनी चष्मा लावून एकेक पान उलटंपालटं केलं.

"देठ स्वच्छ सुटलाय. हे आपणहून पडलेलं आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाळतंय."

"पाळतंय."

"पण एकेक करून. आणि गळेल तितकं नवं येतंय." त्यांनी सूप परत दिलं. "असं सुतक संपायचं नाही, सर. झाड आहे तोवर चालणार. तुम्हालाही त्याच्याबरोबर बसावं लागेल. आत कुणी येणार नाही. दिवाळी नाही, काही नाही."

"चालेल."

"कुदळ बाहेर दिसतेय तुमची."

"ठेवतो आत."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "सुतकात चूल पेटत नाही. पिठलं-भात गल्ली देईल, पाळीपाळीनं. तेवढं आमचं कर्तव्य आहे."

तेव्हापासून रोज फाटकाला डबा लागतो. पहिली पाळी समोरच्या भिलारे वहिनींची होती. त्यांनी डबा अडकवला आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"भात दोघांचा आहे, सर."

"मी एकटाच आहे, वहिनी."

"पाळणारी दोघं आहात ना? उगाच कमी पडायला नको."

मी पान वाढून हॉलीशेजारी बसलो. तिचा भात तिच्या बुंध्यापासून वीतभर लांब मातीत मिसळला. आठवड्याभरात नव्या पानांची टोकं करपलेली दिसली, म्हणून वहिनींना सांगावं लागलं, की तिला मीठ सोसत नाही.

"आधी नाही का सांगायचं," त्या म्हणाल्या. "बिचारी."

दुसऱ्या दिवसापासून दोन डबे यायला लागले, एक माझा, एक अळणी. माझ्या डब्यात कधी लोणच्याची फोड असे. वहिनी रस्त्यावरूनच विचारत, "जेवली का नीट?" मी झाडाकडं बघून हो म्हणत असे.

पावसाळा गेला. जास्वंदीला, पेरूला पुन्हा पानं आली, त्यांचं केव्हाच फिटलं होतं. माझ्याकडं कुणी आलं नाही. सकाळी मी पडलेलं पान उचलून चोथ्याखाली सारतो, मग पाणी घालतो.

हल्ली दोन्ही डबे अळणी येतात. माझाही मी तसाच खातो, वरून मीठ न घेता.